धामण

नागमणी वखारीत आली ती मापाचा कागद घेऊन.
लांबी तेहतीस इंच, पोट अडीच, मूठ एक.
म्हणाली, मोनप्पाकाका, बेसबॉलची बॅट करायची.
मी म्हटलं, क्रिकेटची काय वाईट हाय गं?
"ती सपाट असते. ही गोल.
हिला पुढची-मागची बाजूच नसते."

बसवलं तिला फळ्यांच्या ढिगावर.
हात आधी सागावर गेला, सवयीनं.
पण साग म्हणजे थोरला जावई,
दाराला शोभतो, कपाटाला शोभतो,
त्याला टोला मारायला सांगू नये;
रेषेरेषेनं उकलेल आणि वर रुसेल.
बाभूळ खाईल मार, बैलगाडीचा जन्म तिचा.
पण वजन!
तू फिरवशील तोवर चेंडू घरी जाऊन जेवेल.

मग आठवलं. मागच्या खोलीत, भुशाखाली
मारकाठ्यांचा एक भारा:
अशोक चौकातला कारखाना मोडला तेव्हा
उधारीपोटी मिळालेला.
हीच काठी धोट्याला हाणायची,
मिनिटाला दीडशेदा,
या काठापासून त्या काठापर्यंत, चादरीभर.
तुझा बाप अशा चार मागांमधे उभा राहिला
आणि डाव्या कानानं गेला.

"लाकूड कुठलं?"
धामण.
"साप?"
साप पण, झाड पण.
साप शेपटीनं फटका मारतो म्हणतात,
मी बघितला नाही.
झाडाचा बघितलाय.
वाकतं, परत येतं, मनात काही ठेवत नाही.

काठी बॅटला बारीक. ओंडका पाहिजे,
दांडेलीकडून येईल, गाठ नसलेला,
रेषा या टोकाची त्या टोकाला पोचणारा.
मी बोटाच्या पेरानं वाजवून घेईन.
मग वाळू दे सावलीत, गड्ड्याची जत्रा होईतो.
ओलं लाकूड कबूल सगळं करतं,
शब्द पाळत नाही.

"सामने डिसेंबरात आहेत, काका."
लाकडाला सांग.

रिकाम्या हातानं कशी पाठवू?
दिली एक मारकाठी. म्हटलं, खडे मार तोवर.

दुसऱ्या दिवशी अंबादास आला, तिचा बाप.
चहा घेतला. भुसा झटकून बसला.
म्हणाला, काल संध्याकाळी घरामागं
खट्, खट्,
मी चप्पल घालून दारापर्यंत गेलो बे,
पाळी चुकली वाटलं.

ओंडक्याचे पैसे विचारले त्यानं.
मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो,
तिथूनच सांगितले.