प्लेट चौदा, बावीस नंबर

महापे एमआयडीसीत, औषध कंपनीच्या मागच्या इमारतीत
वीस अंशांवर बंद एक कपाट आहे.
आत चाळीस प्लेटा, प्लेटेत आगर,
आगरावर जिवाणूंची साय
आणि सायीवर मिलिमीटरभर लांबीचे जंत.
अहवालात आम्ही सूत्रकृमी लिहितो. आपापसात जंतच.

दर पाच मिनिटांनी कॅमेरा फोटो काढतो,
दोन फोटोंतला फरक मोजतो.
फरक म्हणजे जिवंत.
इतकं सोपं करायला मला दीड वर्ष लागलं.

पहिल्या आठवड्यात काय लिहितात ते!
सायीवर मोडी, हात न उचलता,
वळणात वळण अडकवून.
दहाव्या दिवसापासून अक्षर विरळ होतं.
पंधराव्याला नुसता एखादा काना.
मग शून्य.

काल एकोणिसावा दिवस.
प्लेट चौदा, बावीस नंबर : बारा तास शून्य.
पडद्यावर चौकट लाल झाली.
मंजुरी द्यायला मी बोट नेलं,
तीन वाजून दहा. यंत्र सेकंदही देतं.

तांडेलकाका फेरीवर आले होते. दिवाळे गावचे,
कमरेला शिट्टी, हातात बॅटरी.
खुर्ची न घेता वाकले, श्वास धरून,
ओहोटीला खाडीच्या चिखलात
निवट्या शोधताना धरत असतील तसा.
निवटी चिखलाच्याच रंगाची. हलली की दिसते.
नाही हलली तरी, म्हणाले,
तिथला चिखल जरा वेगळा असतो.
बराच वेळ एसीचं पाणी बादलीत टपकत राहिलं.
"यो मेला नाय गो. थांबलाय."

मी प्लेट काढली. प्लॅटिनमच्या तारेने
शेपटीजवळ हलकेच टोचलं.
काही नाही.
मग डोक्याचं टोक, असेल नसेल इतकं,
डावीकडे गेलं
आणि परत आलं नाही.

यंत्राचं चुकलं नव्हतं.
इतकंसं हलणं म्हणजे धूळ, सोडून दे,
हे मीच त्याला शिकवलं होतं.

लाल चौकट काढली. कारणाच्या रकान्यात
काकांचं नाव लिहिता येत नाही.
'हाताने तपासले' लिहिलं.
काका जिना उतरत होते, गुडघ्यावर हात,
दर पायरीला एक थांबा.
मी मोजायला लागले. मग कान काढून घेतला.

बावीस नंबर सकाळी सहा वीसला गेला.
तीन तास दहा मिनिटं.
आलेखावर ती वेगळी दिसत नाहीत,
टिंबाच्या जाडीतच मावतात.