हेराल्ड, बासष्टची

सोसायटीची तिसरी नोटीस वायपरला अडकवलेली.
वायपर आहे, काच नाही.

नाशिकहून गिऱ्हाईक आलं थेट माझगावात.
वाकून पत्र्यावर टिचकी मारली,
"इंजिन?"
वर. दिवाणाखाली, जुन्या चादरीत.
अकरा वर्षं त्याच्यावर झोपतोय आम्ही.

भाव बरा बोलला,
रेवतीच्या फीचे दोन हप्ते सुटले असते.
मी हो म्हणणारच होतो,
तेवढ्यात तो म्हणाला,
"दोन महिन्यांत रस्त्यावर आणतो बघा."

दोन महिने!
डाव्या दाराच्या एका हँडलसाठी
चोरबाजारात सतरा शुक्रवार घातले मी.
घरी आणलं तर उजव्याचं निघालं.

कळवतो, म्हटलं.

रात्री नोटिशीच्या पाठीवर यादी केली:
गॅस्केट. बीडिंग. समोरची काच.
आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
त्याचा नंबर.