पोहोच

जुना रीडर विजेनं जळला. तो दीड मीटर ऐकायचा,
कार्ड त्याच्या तोंडाशी न्यावं लागे.
हा नवा बारा मीटर ऐकतो.
पांढरा, चपटा, पोळपाटाएवढा;
नऊ फुटांवर खांबाला आवळला,
मान जराशी खाली, रस्त्याकडं.

भरमू अण्णा स्टूल धरून उभे.
"काय बघालंय रे ते वरनं?"
बघत नाही अण्णा, हाक मारतंय.
गाडीवरची पट्टी ओ देते,
मग दांडा वर.
"आणि मी काय करू?"
मी स्क्रू पिळत राहिलो.

उद्यमबागेत लोखंड ओतायच्या वेळी
रस्त्यावरची हवासुद्धा हलते.
लोखंडाचं आणि या लहरींचं जमत नाही,
ट्रकच्या पत्र्यावर आपटून त्या भलतीकडं जातात.
पाण्याचंही जमत नाही.
ओल्या रेनकोटाखाली पट्टी मुकी,
नुसता तळवा ठेवला तरी मुकी.
माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त नीरु,
असं हुबळीच्या ट्रेनिंगला सांगितलेलं. कन्नडमध्ये.
बाकीचं निम्मं कळलं, हे पुरतं कळलं.

चौथ्या दिवशी फोन:
"दांडा आपोआप उठालाय. बाराचाळीसला. रोज.
समोर कुत्रं नाही.
नारळ फोडला, खरं परत उठला."

लॅपटॉप उघडला. जुनी यादी
मीच जशीच्या तशी नव्यात ओतलेली.
बारा एक्केचाळीस. कार्ड शून्य चार एक सात.
कल्लाप्पा हुंदरे, कोअर शॉप.
अण्णा टोपी काढून डोकं खाजवत बसले.
"त्याला दिवाळीआधीच काढलं की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उभे.
रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं मोपेड आली,
दोन्ही बाजूंना डब्यांच्या पिशव्या,
पुढच्या कारखान्याच्या जेवणाला चाललेली.
हेडलाइटखाली आमची पट्टी, कडा उचकटलेली.
स्पीडब्रेकरला बाई हळू झाली
आणि इकडं दांडा उठला,
सरळ, पुरता,
साहेबांच्या गाडीला उठतो तसा.
तिनं पाहिलं नाही.
किंवा पाहिलंही असेल, हेल्मेट होतं.

"रत्नव्वा," अण्णा म्हणाले. "त्याची बायको."

मॅनेजर म्हणाले, काहीही कर, ते गप्प बसव.

मी बाचीचा. आमच्या परसात लिंबाखाली
फोन महाराष्ट्रात स्वागत करतो,
विहिरीवर गेलं की कर्नाटकात.
आई म्हणते, काकडीच्या वेलाला विचार, कुठला ते.
रेंज म्हणजे काय, हे मला
कुणी हुबळीत शिकवायची गरज नव्हती.

नाव खोडायला एक क्लिक पुरते.
बोट तिथं नेलं होतं.
मग दुसरीकडं गेलो: पॉवर तीस होती,
एकेक करत तेवीसवर आणली.
परवानगी तशीच राहिली,
पोहोच तेवढी कमी केली.

बारा एक्केचाळीस. मोपेड आली, हळू झाली, गेली.
दांडा आडवाच.
यात कौतुक करण्यासारखं काही नाही,
मला चहा मिळाला आणि वाउचरवर सही.

अण्णा मात्र गेटाबाहेर जाऊन उभे राहिलेले.
"समज ती वळली, इकडं आली, तर?"
पाच मीटरांत आली तर उठेल.
"पाच म्हणजे किती?"
दाखवलं हातानं, साधारण.
साधारणवर त्यांचं भागेना.
खांबापासून पावलं टाकत गेले,
सातवं अर्धंच टाकलं,
वाकले,
आणि विटेच्या तुकड्यानं
डांबरावर रेघ ओढली.