कंटिन्युइटीची वही

बसा. पंखा नुसता फिरतोय, वारा देत नाही.
तुम्हाला त्या पिक्चरच्या गमती पायजेत, न्हवं?
घ्या मग.

ते कालयंत्र, ज्यात बसून हेर्लेकर तीनशे वर्षं मागं जातो,
ती गुळाची काहील.
शियेच्या गुऱ्हाळातनं आणलेली, रोजचं भाडं चार रुपये.
वरची चाकं उद्यमनगरात निवृत्ती लोहारानं ओतली,
बिल अजून कुणी दिलेलं नाही.
काहील घासली, पण गोडी जाते होय?
हिरो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या नाकावर माशी बसते,
थेटर हसून लोळलं.
इंगवलेसाहेब म्हणाले, मुद्दाम ठेवली मी.
साहेबांचं पुष्कळसं
असं मागाहून मुद्दाम झालेलं.

रंकाळ्याच्या काठाला तीनशे वर्षांपूर्वीचा बाजार मांडला.
पाडवा नुकताच झालेला.
सगळ्या म्हशींची शिंगं ऑइलपेंटनं रंगवलेली,
एकीच्या अंगावर तर केस कातरून पेठेचं नाव.
तिला उलटी फिरवली.
त्या अंगाला मालकाचं नाव, पत्त्यासकट.
शेवटी झूल टाकली तिच्यावर.
सरदाराची म्हैस म्हणून ती पुढं दोनदा दिसते.

आणि ते शिंग फुंकतात, स्वारी येते,
ते शिंग नव्हे हो,
मिलचा भोंगा तो. पावणेतीनचा.
आवाजवाल्याला पुसता येईना,
म्हणून समोर एक माणूस उभा केला
गाल फुगवून.

आता घड्याळ.
सगळ्यांना तेच विचारायचं असतं.
भालदाराच्या मनगटावर घड्याळ कसं?
वही माझ्याकडं होती. कुणाच्या अंगावर काय,
हे बघायचा पगार मला होता.

आण्णू बरगे त्याचं नाव.
पाच रुपये रोजावर उभा, हातात भाला,
आणि तीनच्या पाळीला मिलमधी हजर व्हायचं.
सासऱ्यानं दिलेलं घड्याळ,
कुणाकडं काढून ठेवायला तो तयार नव्हता.
बाहीत सारून ठेव म्हटलं, ठेवलं त्यानं.
शॉट लागला. स्वारी आली. सगळे मुजऱ्याला वाकले.
आण्णूनं वाकता वाकता बाही सारली
आणि वेळ बघितली.

मी बघितलं.
कट म्हणायला तोंड उघडलं होतं.
पण परत घेतला असता तर साडेतीन वाजले असते.
वहीत लिहिलं : भालदार दुसरा, हात मोकळे.

आता म्हणे पिक्चर थांबवून बघता येतं.
थांबवा तिथं. काटे नीट बघा.
भोंग्याला जरा अवकाश आहे.

पोचला तो. सायकल हाणत, तोंडाला रंग तसाच,
कमरेला शेला.
मुकादमानं हसून हसून
अर्धा रोज कापला.

मिल बंद पडली. आण्णू गेला, त्यालाही झाली बारा वर्षं.
चिकटवलेली मिशी मात्र त्यानं परत केलीच नाही.
वहीत मी ती
जमा दाखवलीय.