चोविसावं घर

आमच्या काउंटरवर स्वतःचे पैसे आणायला मनाई आहे.
पर्स लॉकरमध्ये, खिसे रिकामे,
छातीवर बिल्ला: हेमा.
हेमांगी गायधनी एवढं त्यात मावलं नाही.

रिकाम्या खिशांचं मला काही वाटत नाही,
आमच्या घरात ते आधीपासूनच होते.
बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कटिंगला.
सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचा,
झाकण उलटं करून, उरलेल्या पोळीची घडीसुद्धा मोडून.
एकतीस वर्षं हातांखालून किती पैसा गेला
ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.
फक्त भाजीवाल्याने सुट्टे दिले की
नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवायचे,
पेरू पिकलाय का बघावं तसा.

ते न बोललेलं मी इथे मनामात शोधून काढलं,
जेवणाच्या सुट्टीत, पावतीच्या पाठीवर.
हे दिनार कुठल्या मुलखात छापतात कोण जाणे,
पण कागद कुठेही कागदासारखाच कापला जाणार:
एका तावावर चाळीस घरं, आडवी पाच, उभी आठ,
दहा हजार तावांची थप्पी,
आणि नंबर थप्पीतून खाली खाली उतरत जातो.

म्हणजे असं की
२३७४१८ आणि २३७४१९,
बंडलात पाठीला पोट लावून आलेल्या,
छापताना कधी शेजारी नव्हत्याच.
एक वरच्या तावावर, एक खालच्या.
खरी शेजारीण दहा हजारांनी लांब,
शेवटचे चार आकडे तेवढे सारखे,
माहेरच्या आडनावासारखे.

एक वजा करा, दहा हजारांनी भागा: तेवीस.
तेवीस घरं भरून झाली, ही चोविसावी.
पाचवी ओळ, चौथं घर.
सांगणार कुणाला?
शुक्रवारी रांग पार मसाल्याच्या दुकानापर्यंत जाते.

अशाच शुक्रवारी मोतालिब आला,
मुहर्रकच्या गोदीत बोटींना रंग देणारा,
नखांत निळा. सिल्हेटला, बहिणीच्या नावे, पंचाऐंशी दिनार.
त्यातली एक सुटी: २३७४१८.
उजव्या कडेला केसाएवढी हिरवी शाई,
कापताना मध्येच तुटलेली.
चाळीस मिनिटांनी दिलमाया.
ती रिफात कुणाची तरी जुळी सांभाळते.
तिच्या रुमालाच्या गाठीत, घामाने मऊ झालेली,
२४७४१८.
डाव्या कडेला हिरवा केस.

लावून पाहिल्या.
जुळल्या.

काचेपलीकडून दिलमाया म्हणाली, "खोटी आहे का?"
"नाही गं," म्हटलं, मराठीतच,
मग हिंदीत रेट सांगितला, पावती दिली.
वर कॅमेरा होता. माझे दोन दिनार लॉकरमध्ये,
लॉकर जिन्याखाली, किल्ली मॅनेजरकडे.
संध्याकाळी एक गेली पलीकडच्या सोनाराच्या पोऱ्याला सुट्ट्यांत,
दुसरी तिजोरीत.

रात्री बाबांना फोन केला.
ताव, थप्पी, केस, सगळं सांगून टाकलं.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाले, नळाला दोन दिवस पाणी नाही.
शेवग्याला यंदा शेंगा बऱ्या लागल्यात.
आणि फोन ठेवता ठेवता, आवाज खाली आणून,
जणू गेटवर अजून कुणी उभं आहे:
"डावीकडची बघितलीस?"

चोविसाव्या घराच्या डाव्या कडेला एक ठिपका होता.
तो मी मळ समजले होते.

आता काचेखालून नोटा आत आल्या
की आधी शेवटचे चार आकडे.
मोतालिब येतो, दिलमाया येते, रांग हलते.
दोन लाख सत्तावीस हजार चारशे अठरा.
अजून नाही.