खण

हडर्सफील्डच्या उतारावरच्या आमच्या घरात
त्या मार्चमध्ये दोन डिलिव्हऱ्या ठरल्या होत्या.
माझी अकराला.
पाळण्याची चारला:
बीचचं लाकूड, उतरणारे कठडे,
तीनशे चाळीस पौंड, आधीच भरलेले.

बाळाआधी पाळणा घरात आणू नये, आई म्हणाली होती.
आणला नाहीच मग.
आम्ही फक्त पैसे दिले.

नऊ तारखेला मी दुकानात फोन केला,
डिलिव्हरी कधी?
पलीकडच्या बाईने प्रेमाने मलाच विचारलं, तुमची कधी?
मग म्हणाली, व्हॅनवाल्यांना विचारा.
व्हॅनवाले म्हणाले, दुकानाला.
मधल्या वाजत्या संगीतात
पोटात काहीतरी आवळलं, सुटलं.

शर्वरी चौदाला आली. तीन दिवस उशिरा.
तिच्याकडून मी काही लेखी घेतलं नव्हतं.

बारशाच्या आदल्या रात्री आई फोनवर,
"सगळं आहे ना गं? नारळ? खण?"
ओटीचा खण म्हणत होती ती.
मी समोरच्या कपाटाकडे बघत राहिले.
सगळ्यात खालचा. खोल. श्रीरंगचे स्वेटर उपसले,
दुलईची चौघडी घातली.
कड्या पितळेच्या होत्या, वाजायच्या,
त्यांना मोजे बांधले.

पाळण्याच्या खालून-वरून बाळ द्यायचं असतं.
खणाखालून कसं देणार?
श्रीरंगने तो दोन्ही हातांनी उचलून धरला,
पलीकडे शेजारच्या मिसेस ब्रॉडबेंट वाकल्या,
गुडघा कट्‌कन वाजला त्यांचा,
आणि माझी लेक लाकडाखालून या हातातून त्या हातात गेली.
नाव मी कानात सांगितलं. ती झोपलेली होती.

घुगऱ्यांची बशी मांडीवर ठेवून डोरीन ब्रॉडबेंट म्हणाल्या,
तारीख महत्त्वाची आहे, हे त्यांना सांगितलं होतंस?
आठव्या महिन्याचं पोट घेऊन उभी होते मी काउंटरशी.
पोट नको, त्या म्हणाल्या, कागद दाखव.
होता कागद. माझ्याच अक्षरात:
चार मार्च. त्यानंतर चालणार नाही.

गिरणीच्या पगारखात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई.
माझ्या पत्रातलं "माफ करा" त्यांनी पुरतं खोडलं.
"कृपया" दोनदा होतं, एक राहू दिलं.
करार दुकानाशी आहे, व्हॅनशी नाही.
तारीख ठरली होती, गेली.
करार संपला. पैसे परत.
त्यावर त्या जे काही म्हणाल्या, यॉर्कशरच्या बोलीत,
त्याचं मराठी मी माझ्यापुरतं असं केलं:
हक्काचं मागताना पदर पसरू नये.

उत्तरात दहा पौंडांचं कूपन आलं,
पुढच्या खरेदीवर.
दुसरं पत्र मी एकटीने लिहिलं.

आणि एक्केचाळिसाव्या दिवशी, पावसात, पाळणा.
विशीतला एक पोरगा, खोकं त्याच्याहून उंच,
इथे सही करा.
मी म्हटलं, नाही.
परत म्हटलं, कारण पहिलं
मलाच नीट ऐकू आलं नव्हतं.
त्याने खोक्याकडे बघितलं, मग चढाकडे.
त्याचं काय चुकलं होतं?
चहा विचारला. नको म्हणाला, अजून बावीस घरं आहेत.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात.
व्हॅन वळणावरून खाली जाताना
खोक्यात तो हलत असणारच.
आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

बारा दिवसांनी पैसे आले. तीनशे चाळीस, शून्य, शून्य.
सोबत अक्षर नाही.
रात्रींचं काही धरलेलं नव्हतं त्यात,
धरता येतं का, मी विचारायला गेले नाही.

श्रीरंगचे स्वेटर अजून खुर्चीवर आहेत.
कपाट खालून बोळकं दिसतं.
काल रात्री दिवा न लावता वाकून पाहिलं,
तर शर्वरीची टाच
खणाच्या कडेला टेकलेली.