हलवू नये

खोक्यावर इंग्रजी,
चिठ्ठीवर सिस्टरचं कन्नड,
आणि मी शहापुरातल्या शाळेत सातवीपर्यंत मराठी.
म्हणून गौरक्का सिस्टरनं रिकामी सुई माझ्यापुढं धरली,
दुसऱ्या हाताचं बोट नकारात फिरवलं:
अल्लाडसब्याड्री.
हलवू नये.

सलाइन संपल्यावर अख्खा एक दिवस जाऊ द्यायचा,
घड्याळ बघून, अंदाजानं नाही.
मग पाच दिवस, रोज एक, त्याच वेळेला.
शालनच्या रक्तातलं पांढरं उतरलंय म्हणाली.
पांढरं.
तीस वर्षं वडगावात रंगीत सुतात गेली,
पांढऱ्याकडं कोण बघतंय.

आमच्यात फ्रिज नाही.
भिंतीपलीकडं इराव्वा हित्तलमनींच्यात आहे.
मधल्या फळीवर स्टीलचा डबा,
शेजारी इडलीचं पीठ, मागं नातवाचं श्रीखंड.
डब्यावर तिनं कन्नडात लिहिलं, मी मराठीत,
एकच: हात लावू नका.

पहिल्या दिवशी सुई अर्धा तास बाहेर ठेवली.
उन्हात नाही, गॅसजवळ नाही,
मुठीत धरून ऊब द्यायची नाही.
तेवढ्यात हात धुतले, दोनदा,
तरी नखांच्या कडेला खळीचा वास.
हजार धाग्यांतला तुटलेला एक
दिवे गेल्यावरसुद्धा शोधून जोडणारे हात,
तेच थरथरायला लागले.
शालन म्हणाली, मागावर बसल्यागत बस,
आणि माझ्या तोंडाकडं बघू नको.
बेंबीपासून दोन बोटं सोडून
कातडी चिमटीत. सावकाश.
चोळायचं नाही.
उद्या दुसऱ्या बाजूला.

तिसऱ्या सकाळी इराव्वा डबा घेऊन दारात.
नातवानं आइसकँडीसाठी जागा केली होती,
डबा रात्रभर बर्फाच्या खणात.
दोन सुया कडक.
दुपारपर्यंत वितळल्या.
खिडकीत धरून बघितल्या, पाण्यासारख्या स्वच्छ.
एक सुई म्हणजे माझ्या किती साड्या, ते मोजलं.
परत मोजलं.
शालन म्हणाली, दे की, काय होतंय.
इराव्वा काही बोलली नाही.

गौरक्काला फोन लावला.
म्हटलं, दिसायला चांगली आहेत.
ती म्हणाली, तुझ्या डोळ्याला सूत कळतं, मामा,
हे नाही.
टोचू नको. घेऊन ये, डॉक्टरांना विचारते.
संध्याकाळी नवी मिळाली,
वेळ चुकली नाही.
इराव्वानं पैसे पुढं केले.
निम्मे घेतले. खोटं कशाला बोलू.

चौथ्या रात्री शालनची कंबर ठणकायला लागली,
मग मांड्या, मग पाठीचा कणा.
ब्यानी येणार, हे आधीच सांगितलं होतं.
गोळी सांगितली तीच,
पण आधी काखेत काटा लावायचा,
कारण गोळी ताप झाकते.
काटा शंभरावर गेला
तर उजाडायची वाट बघायची नाही.
डाव्या बरगडीखाली कळ आली, तरी नाही.
काटा खाली होता.
गोळी दिली, तिच्या कमरेवर हात ठेवून बसलो.
गल्लीतले माग रात्रपाळीला धडधडत होते,
आणि मला वाटलं, आत,
हाडाच्या अंधारात, एक माग चालू आहे,
त्यावर कोरं सूत,
काठ नाही, पदर नाही, नुसतं पांढरं.
तिला म्हटलं तर म्हणाली,
तुझं माग राहू दे, पाय चेप.

सोमवारी रक्त द्यायला निघालो.
पिशवीत फिनेलची जाड बाटली,
टोपण न लावता टाकलेल्या पाच सुया,
बाटलीचं झाकण मात्र घट्ट, वरून चिकटपट्टी,
परत सिस्टरच्याच हातात द्यायची.
खासबागच्या वळणावर बस खड्ड्यात गेली
आणि बाटली खुळखुळली.
शालननं दचकून माझ्याकडं बघितलं.
म्हटलं, असू दे.
हिला हलवलं तर चालतं.